तलावातील पाण्याला दंडाचा धाक, काठावरच्या कुंपणाला तपासनीस नाही
बंगळुरूतील गृहसंकुलांच्या जलतरण तलावांच्या सुरक्षिततेचा प्रश्न

बंगळुरू : मार्च २०२४ मध्ये बंगळुरू शहरात पाणीटंचाईने गंभीर रूप धारण केले, तेव्हा बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने जलतरण तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली. नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड आणि उल्लंघन सुरूच राहिल्यास प्रतिदिन ५०० रुपये वाढीव दंड, अशी ही तरतूद होती. मोटारी धुण्यासाठी आणि बागेसाठी पिण्याचे पाणी वापरू नये, असा आदेश त्याच सुमारास निघाला होता. त्याची अंमलबजावणीही तातडीने झाली. पाण्याचा अपव्यय केल्याबद्दल अवघ्या काही दिवसांत २२ कुटुंबांकडून एक लाख १० हजार रुपये वसूल करण्यात आले. नियम स्पष्ट असेल, दंडाची रक्कम ठरलेली असेल आणि तपासणी कोणी करायची याविषयी संदिग्धता नसेल, तर हे शहर किती वेगाने हालचाल करू शकते, याचे ते उदाहरण होते.

त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा याच शहराच्या पूर्व भागातील वर्थूर येथे एका मोठ्या गृहसंकुलाच्या जलतरण तलावात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला होता. तलावात कोणते पाणी भरावे, यासाठी शहराकडे आदेश आणि दंड दोन्ही आहेत. तलावाचे फाटक आपोआप बंद होते का, कुंपणाच्या गजांमधून लहान मूल आत शिरू शकते का, पाण्याखालील दिव्यांची वीजजोडणी सुरक्षित आहे का, हे दरवर्षी तपासून लेखी प्रमाणपत्र देणारी तशीच ठोस व्यवस्था मात्र नाही. बंगळुरूच्या उंच इमारतींमधील जलतरण तलावांच्या सुरक्षिततेचा प्रश्न या विसंगतीतून निर्माण झाला आहे.

वर्थूरची घटना आणि जबाबदारीची साखळी

वर्थूरची ही घटना २८ डिसेंबर २०२३ रोजी सायंकाळी घडली. मृत्यू बुडून झाला की विजेच्या धक्क्याने, याविषयी सुरुवातीला संभ्रम होता. संतप्त रहिवाशांनी संकुलाच्या आवारात निदर्शने केली. न्यायवैद्यक तपासणीतून विजेच्या धक्क्याचे कारण पुढे आल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी रहिवासी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांसह सात जणांना अटक केली. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. मात्र एका संकुलातील तलावाची जबाबदारी किती हातांत विभागलेली असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

तलाव बांधतो विकासक. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सामाईक सुविधा रहिवासी संघटनेकडे जातात. संघटना दैनंदिन देखभाल एखाद्या व्यवस्थापन कंपनीला देते आणि ती कंपनी पाण्याची स्वच्छता, विद्युतकाम व सुरक्षारक्षक यांसाठी वेगवेगळे उपकंत्राटदार नेमते. संघटनेचे पदाधिकारी बहुधा आपापली नोकरी सांभाळून विनामोबदला काम करणारे रहिवासी असतात. पाण्यातील क्लोरीनचे प्रमाण कंत्राटदाराच्या नोंदवहीत रोज लिहिले जाते. फाटकाची कडी तुटली, तर ती कोणी आणि किती तासांत दुरुस्त करायची, हे अनेकदा कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने ३० दिवसांच्या आत विनाशुल्क दुरुस्ती करणे बंधनकारक आहे. सदोष वीजजोडणी किंवा चुकीच्या उंचीचे कठडे यांबाबत रहिवाशांना या तरतुदीचा आधार घेता येतो. मात्र त्यासाठी दोष आधी कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो, आणि लक्षात येण्यासाठी तपासणी व्हावी लागते.

फौजदारी कायदा दुर्घटनेनंतर पुढे येतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. शिक्षेचा धाक वाढला, तरी सैल झालेली तार किंवा उघडे राहिलेले फाटक त्याने दुरुस्त होत नाही.

कुंपण कशासाठी?

लहान मुलाचे बुडणे चित्रपटात दाखवतात तसे नसते. हातपाय मारणे, मदतीसाठी ओरडणे, पाण्याचा मोठा आवाज यांपैकी बहुतेक काहीच घडत नाही. दोन-तीन वर्षांचे मूल शांतपणे पाण्याखाली जाते आणि काही मिनिटांतच मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो. दारावरची घंटा वाजणे, फोन येणे, दुसरे मूल रडणे इतक्या अवधीत हे घडते. त्यामुळे ‘पालकांनी लक्ष ठेवावे’ हा सल्ला योग्य असला, तरी पुरेसा नाही. लक्ष विचलित होते त्या क्षणांसाठीच कुंपण असते.

कुंपण कोठे आहे, हेही महत्त्वाचे ठरते. संकुलाच्या सीमेवर दहा फूट उंच भिंत असली, तरी तलावात पडणारे मूल बहुधा त्या भिंतीच्या आतलेच असते. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणांनी वापरलेल्या अंदाजानुसार, घर व अंगण यांपासून तलाव चारही बाजूंनी वेगळा करणारे कुंपण असल्यास लहान मुलाच्या बुडण्याचा धोका केवळ तीन बाजूंच्या सीमाकुंपणाच्या तुलनेत ८३ टक्क्यांनी कमी होतो. चौथी बाजू म्हणजे घराच्या मागील दाराकडची बाजू. व्हाइटफिल्ड, सर्जापूर रस्ता, देवनहळ्ळी या भागांतील बंगल्यांच्या वसाहतींत दिवाणखान्याचे सरकते काचेचे दार थेट तलावाच्या काठावर उघडते, तेव्हा नेमकी हीच बाजू मोकळी असते.

ऑस्ट्रेलियातील मानके या बाबतीत अतिशय काटेकोर आहेत. कुंपणाची उंची किमान १.२ मीटर, जमीन आणि कुंपण यांतील फट १० सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे, आपोआप बंद होऊन आपोआप कडी लागणारे. कुंपणालगत पाय ठेवून चढता येईल अशी कोणतीही वस्तू ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चालत नाही. बंगळुरूतील संकुलांच्या जाहिरातींत दिसणारे तलाव या कसोटीवर तपासले, तर दोष लगेच लक्षात येतात. कठड्याला टेकून मोठ्या कुंड्या ठेवलेल्या असतात, आरामखुर्च्या कुंपणालगत रचलेल्या असतात, आडव्या गजांची रचना शिडीसारखी असते आणि ये-जा सोयीची व्हावी म्हणून फाटक विटेचा तुकडा लावून उघडे ठेवलेले असते. या त्रुटी दूर करण्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

स्पा आणि विजेचे छुपे धोके

गच्चीवरील स्पा किंवा जकुझी आकाराने लहान असल्याने निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. पाणी खेचून घेणाऱ्या पंपाच्या तोंडावरची जाळी तुटलेली किंवा सपाट असेल, तर तेथे केस, कपडे किंवा शरीराचा भाग अडकू शकतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या सात वर्षांच्या नातीचा २००२ मध्ये अशाच प्रकारे स्पामध्ये मृत्यू झाला. तिला त्या खेचीतून सोडविण्यासाठी दोन प्रौढांना बळ लावावे लागले. तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यानंतर त्या मुलीच्या नावानेच डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि सुरक्षित जाळी बंधनकारक झाली. न्यू साउथ वेल्समध्ये स्पासाठी कुंपणाऐवजी मुलांना उघडता न येणारे, कुलूप लावता येणारे झाकण चालते. घरगुती स्पासाठी हा उपाय बंगळुरूतही सहज शक्य आहे.

विजेच्या बाबतीतील नियमही नवे नाहीत. पाण्याच्या आत बसविलेल्या दिव्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार १२ व्होल्टपर्यंतचाच प्रत्यावर्ती पुरवठा मान्य आहे. ३० मिलिअँपिअर इतकी गळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण तलावाच्या मंडलावर असणे ही किमान खबरदारी मानली जाते. पाण्यात उतरलेला सौम्य विद्युतप्रवाहदेखील स्नायूंवरील नियंत्रण घालवू शकतो आणि पोहता येणारी व्यक्तीही बुडू शकते. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते ठरावीक काळाने दाबून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. ते दाबले गेले, याची नोंद कोणी तपासते का, हा खरा प्रश्न आहे.

आकडे आहेत, तलाव नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एकाच वर्षात ३८ हजारांहून अधिक जणांचा बुडून मृत्यू झाला. बहुसंख्य मृत्यू नद्या, विहिरी, शेततळी, तलाव व समुद्र यांतील आहेत, आणि बुडण्याचा देशातील मोठा प्रश्न ग्रामीण आहे, हे विसरून चालणार नाही.

मात्र या अहवालातील वर्गवारी नाव उलटणे, पाण्यात अपघाताने पडणे आणि इतर अशी आहे. घरगुती किंवा संकुलातील जलतरण तलावांचा स्वतंत्र रकाना नाही. बंगळुरूत असे तलाव किती, याची सार्वजनिक नोंदवहीही नाही. तलाव किती आणि त्यांतील मृत्यू किती, हे दोन्ही ठाऊक नसताना धोरण आखणे अवघड होते. प्रत्येक घटना मग ‘दुर्दैवी अपघात’ ठरते आणि काही दिवसांत विस्मृतीत जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. त्याला शहरी रूप द्यायचे असेल, तर सुरुवात नोंदणीपासून करावी लागेल.

लोणावळा आणि मंगळुरूचे इशारे

हा प्रश्न बंगळुरूपुरता नाही. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यात सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या तलावात दोन वर्षांच्या मुलाचा बुडून मृत्यू झाला. भाड्याच्या बंगल्यात हा धोका दुप्पट असतो. कुटुंबाला घराची रचना ठाऊक नसते, सामान उतरविण्याची गडबड असते आणि ‘मूल कोणाजवळ आहे’ याविषयी प्रत्येकाचा समज वेगळा असतो. कर्जत, अलिबाग, पानशेत आणि गोवा येथील ‘खासगी तलावासह’ अशी जाहिरात असणाऱ्या शेकडो बंगल्यांना हे लागू होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळुरूजवळच्या उच्चिल येथील एका रिसॉर्टच्या तलावात मैसूरच्या तीन तरुणी बुडाल्या. मालक व व्यवस्थापकाला अटक झाली, रिसॉर्टला टाळे लागले आणि व्यवसाय परवाना निलंबित झाला. लोणावळ्यात प्रश्न अडथळ्याचा होता, तर मंगळुरूत जीवरक्षक आणि खोलीची सूचना यांचा. दोन्ही ठिकाणी यंत्रणा जागी झाली ती मृत्यूनंतर.

लिफ्टला परवाना, तलावाला काय?

भारतीय शहरांना नियतकालिक तपासणीची सवय नाही, असे म्हणता येत नाही. ज्या इमारतीत तलाव आहे, त्याच इमारतीतील लिफ्टसाठी कर्नाटकात २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि विद्युत निरीक्षणालयाची परवाना व तपासणीची व्यवस्था आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये लिफ्टविषयक नवा कायदा केला. अग्निशमनाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा संस्थेने परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करायचे असते. या व्यवस्थेतही पळवाटा आहेत. कागदोपत्री प्रमाणपत्रांच्या तक्रारी आहेत. तरीही लिफ्ट किंवा अग्निशमन यंत्रणा तपासणे ही कोणाची तरी लेखी जबाबदारी आहे, हे मान्य झाले आहे.

तलावांबाबत राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मार्गदर्शन करते. परंतु ही संहिता शिफारशीच्या स्वरूपाची असून स्थानिक उपविधींत समाविष्ट झाल्यावरच ती बंधनकारक होते. तलावातील पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक आयएस ३३२८ आहे. म्हणजे पाण्याची शुद्धता मोजण्याचे परिमाण देशाकडे अनेक दशकांपासून आहे. त्या पाण्यापर्यंत मूल एकटे पोहोचू नये, यासाठीची तपासणी मात्र अजून स्थानिक नियमांच्या मुख्य प्रवाहात आलेली नाही.

न्यू साउथ वेल्सचा मार्ग

इतर देशांनीही ही व्यवस्था एका रात्रीत उभारली नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९९२ चा जलतरण तलाव कायदा आहे. कुंपणाची सक्ती असूनही पालन अपुरे असल्याचे आढळल्यावर २०१२ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि प्रत्येक तलाव मालकाला राज्याच्या नोंदवहीत नाव नोंदविणे अनिवार्य झाले. २९ एप्रिल २०१६ पासून तलाव असलेले घर विकताना किंवा भाड्याने देताना कुंपणाचे प्रमाणपत्र करारासोबत जोडावे लागते. हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. पर्यटक निवास आणि दोनपेक्षा अधिक घरे असलेल्या संकुलांतील तलावांची तपासणी स्थानिक परिषदेने तीन वर्षांतून किमान एकदा करणे बंधनकारक आहे. क्वीन्सलँडमध्ये सामाईक तलावांचे प्रमाणपत्र एक वर्षच ग्राह्य असते. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने मालकांना कुंपण, सूचनाघंटा, आच्छादन किंवा बंदिस्त छत यांपैकी एक पर्याय निवडण्याची मुभा दिली, मात्र काहीच न बसविणाऱ्यास ४५ हजार युरोपर्यंत दंड ठेवला.

न्यू साउथ वेल्सने सरकारी निरीक्षकांची फौज उभी केली नाही, तर मालमत्तेच्या व्यवहारालाच तपासणीची वेळ बनविले. बंगळुरूसाठी हा मार्ग अनुकरणीय आहे, कारण शहराकडे तशी यंत्रणा तयार आहे. येथे मालमत्ता कराचे स्वयंमूल्यांकन दरवर्षी होते आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून मालमत्तेच्या खरेदी-विक्रीच्या नोंदणीसाठी ई-खाता आवश्यक झाला आहे. ‘या जागेत जलतरण तलाव किंवा स्पा आहे काय’ हा एक प्रश्न कराच्या अर्जात आला, तरी शहराला पहिल्यांदा तलावांची मोजदाद मिळेल.

आक्षेपांचे वजन

अशा नियमांना विरोध होणार आणि त्यातील काही आक्षेप गांभीर्याने घ्यावे लागतील. पहिला आक्षेप तपासणीच्या नावाखाली होणाऱ्या अडवणुकीचा आहे. परवान्यासाठी खेटे घालण्याचा अनुभव रहिवासी संघटनांना पुरेसा आहे. त्यावर उपाय म्हणजे तपासणी सरकारी कर्मचाऱ्याऐवजी नोंदणीकृत अभियंत्याकडून, छायाचित्रांसह आणि सर्वांना पाहता येईल अशा संकेतस्थळावर व्हावी. अहवाल उघड असेल, तर लाच देऊन मिळविलेले प्रमाणपत्र शेजाऱ्याच्याही नजरेला येईल.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे. स्वतःच्या अंगणातील तलावात सरकारने का डोकवावे? बंगल्यात येणारी मुले केवळ मालकाची नसतात. घरकाम करणाऱ्या महिलेचे मूल, शेजारचे मूल आणि पाहुण्यांचे मूलही तेथे असते. शिवाय विद्युत सुरक्षेचे नियम घराच्या दारापाशी थांबत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कुंपणामुळे पालक निश्चिंत होतील आणि देखरेख ढिली पडेल, अशी ही भीती आहे. म्हणूनच कुठलीही गंभीर नियमावली कुंपणावर थांबत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये तलावाजवळ प्राथमिक पुनरुज्जीवनाच्या कृतीचा फलक लावणे बंधनकारक आहे. सुरक्षारक्षक व देखभाल कर्मचाऱ्यांना हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण देणे हा अत्यल्प खर्चाचा भाग आहे. रुग्णवाहिका वाहतूककोंडीतून वाट काढत येते, तेव्हा पहिली पाच मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात.

निर्णयाची वेळ

१५ मे २०२५ रोजी ग्रेटर बंगळुरू प्रशासन अधिनियम अमलात आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. वर्थूर आता बंगळुरू पूर्व महापालिकेच्या हद्दीत येते. नव्या संस्थांना आपली कार्यपद्धती घडवायची आहे. पाच महापालिकांनी पाच वेगळे नियम करण्याऐवजी प्राधिकरणाच्या पातळीवर एकच किमान नियमावली ठरविणे शक्य आहे. त्यात तलावाची नोंदणी, चारही बाजूंचे कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक, पाण्याखालील विजेची वार्षिक तपासणी, स्पाचे झाकण व जाळी, आणि प्रमाणपत्र तलावाच्या फाटकावर लावण्याची सक्ती एवढ्या पाच बाबी पुरेशा ठरतील. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांसाठी हेच प्रमाणपत्र आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दाखविणे अनिवार्य करता येईल.

नियमांची वाट न पाहता रहिवासी संघटनांना आजच काही करता येते. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तलावाची सुरक्षा हा स्वतंत्र विषय घेणे, देखभालीच्या करारात फाटक व वीजतपासणीची जबाबदारी नावानिशी लिहिणे आणि दोष आढळल्यास तो दूर होईपर्यंत तलाव बंद ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापकाला देणे, यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची गरज नाही. पुणे, ठाणे आणि नवी मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांनाही हे तितकेच लागू आहे.

टंचाईच्या काळात एका आदेशाने बंगळुरूने तलावातील पाण्याचा हिशेब मागितला आणि तो मिळालाही. त्यासाठी लागणारी यंत्रणा, मनुष्यबळ आणि दंडाचा अधिकार शहराकडे होता. काठावरच्या कुंपणाचा हिशेब मागण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. तो कोणत्या खात्याने मागायचा, एवढेच ठरायचे आहे.